पृथ्वीचा गोल, एक नग

राग आला की माणसं मनातल्या मनात दहापर्यंत अंक मोजतात. आमचे परकार सर लेझमी मोजतात.

जिन्याखालच्या खोलीतून छन्, छन् असा आवाज यायला लागला की सगळी शाळा ओळखते, सर आज कुणावर तरी तापलेत. पाचवीतली पोरंसुद्धा एकमेकांना गप्प करतात. आवाज किती वेळ चालला यावरून प्रकरण किती मोठं आहे ते कळतं. वीसेक लेझमींत थांबला तर नुसती कुरबुर. चाळीसच्या चाळीस झाल्या आणि पाठोपाठ लाकडी डंबेल्स एकमेकांवर आपटायला लागली, तर समजायचं की सर आज नोकरी सोडणार.

नोकरी सोडण्याचा आणि लेझमींचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. आहे. आमच्यासारख्या अनुदानित शाळेत नुसता अर्ज दिला आणि चप्पल घातली, असं होत नाही. शाळेच्या ज्या वस्तू तुमच्या ताब्यात आहेत त्या यादीबरहुकूम मोजून दुसऱ्याच्या हवाली करायच्या, त्या दुसऱ्यानं यादीखाली सही करायची, मग तुमची सुटका. याला म्हणतात चार्ज देणं. आणि आमच्या शाळेत लेझमी, डंबेल्स, नकाशे, वजनमापं, लाकडी कंपास, पितळी घंटा आणि ती वाजवायचा लाकडी टोल, असा दीडशे-पावणेदोनशे वस्तूंचा चार्ज गेली बावीस वर्षं परकार सरांकडे आहे. कारण बावीस वर्षांपूर्वी शाळेत सगळ्यांत नवीन ते होते, आणि नव्या माणसाच्या गळ्यात चार्ज घालायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यानंतर जे जे नवीन आले त्यांनी सरांची अवस्था बघितली आणि हात मागे घेतले. त्यांत मीही आले.

मी वाघमारे. मूळची परभणीकडची, आता राहायला नावड्याला. जुईनगरच्या या शाळेत सरांच्या शेजारच्या वर्गावर सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. मधली भिंत पातळ आहे, त्यामुळे माझ्या विज्ञानात सरांचं गणित आणि भूगोल मिसळतो. माझ्या पोरांना विषुववृत्त माझ्याआधी भिंतीनं शिकवलं.

सर मूळचे श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला कायम खडूचा पांढरा पट्टा. बोलणं एकदम फास्ट, मुंबईचं, पण फळ्यावरचं अक्षर असं की पुसायला जीव होत नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. खिचडी लागली, पंखा बंद पडला, दोन पोरं एका पट्टीवरून भांडली, की सर दारात येऊन दोन्ही हात वर करून ओरडतात, "चार्ज घ्या हो कुणीतरी!" एकदा शाळेत आलेल्या एका पाहुण्यांनी ते ऐकून खिशातून मोबाईलचा चार्जर काढून दिला होता. सरांनी तो घेतला, फोन लावला आणि आभार मानले.

सर नोकरी का सोडणार आहेत, याची कारणं शाळेत सगळ्यांना पाठ आहेत. कारण ती आमचीच कारणं आहेत. फरक इतकाच की आम्ही ती घरी नवऱ्याला सांगतो आणि सर शाळेत सांगतात. तसं का, ते मला फार उशिरा कळलं.

पहिलं कारण खिचडी. पोरांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं चव घेऊन वहीत अभिप्राय लिहायचा असतो. बाकी आम्ही सगळे "चव चांगली" लिहून मोकळे होतो. सर चवीला न्याय देतात. एकदा त्यांनी लिहिलं, "तांदूळ आणि मूगडाळ यांचं अद्याप मनोमीलन झालेलं नाही." तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर लेखी खुलासा मागवला. सरांनी दोन पानी खुलासा लिहिला. त्यावर परत खुलासा मागवला. तेव्हापासून सर वहीत रोज एकच शब्द लिहितात, "चव : आहे."

दुसरं कारण मतदार यादी. दुपारी शाळा सुटली की सर पिशवी खांद्याला लावून घरोघरी जातात, कोण राहतं, कोण गेलं, कोण वारलं ते लिहून आणतात. सोसायटीचा वॉचमन त्यांना आत सोडण्याआधी रजिस्टर पुढे करतो. त्यात "कशासाठी आलात" असा रकाना असतो. सर तिथं लिहितात, "लोकशाही." वॉचमन वर इंटरकॉमवर सांगतो, "मॅडम, कोई कुरियरवाला आया है." चौथ्या मजल्यावर बाई दार किलकिलं करून म्हणतात, "हमने कुछ मंगवाया नहीं."

"बरोबर आहे त्यांचं," सर आम्हाला सांगतात. "लोकशाही कोणी मागवलीच नव्हती. मीच घेऊन फिरतोय."

तिसरं कारण फोन. सर एकूण सतरा ग्रुपांत आहेत. दहा चाळीसला निरोप येतो, "अति तातडीचे. शाळेत नळ किती, त्यांतले चालू किती, हात धुतानाच्या फोटोसह अकरापर्यंत कळवावे." मग सर अपूर्णांक अर्ध्यावर टाकून नळ मोजायला जातात. परत येईपर्यंत पोरं छेद आणि अंश विसरलेली असतात. गेल्या पावसाळ्यात झाडं लावल्याचे फोटो मागवले होते, प्रत्येक मुलाचा वेगळा. रोप आलं होतं एक. त्या एका रोपाबरोबर सरांनी चाळीस पोरांचे फोटो काढले. शेवटी धरून धरून त्या बिचाऱ्या रोपाच्या पानांनी माना टाकल्या होत्या. ते सरांनी मग स्वतः शाळेच्या मागे लावलं, आणि ते जगलं. त्याचा फोटो मात्र कोणी मागवला नाही.

तर अशी कारणं. आणि या कारणांवरून सरांनी माझ्या देखत तीनदा नोकरी सोडली. तिन्ही वेळा चार्ज द्यायला बसले, आणि तिन्ही वेळा मोजणीत एक वस्तू कमी भरली. पहिल्यांदा घंटेचा टोल. दुसऱ्यांदा दोनशे ग्रॅमचं वजन. तिसऱ्यांदा महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा. वस्तू कमी म्हणजे चार्ज अपुरा, चार्ज अपुरा म्हणजे सुटका नाही. "नियम म्हणजे नियम," असं म्हणून सर खडू उचलायचे आणि वर्गात जायचे. पंधरा-वीस दिवसांनी ती वस्तू आपोआप कुठेतरी सापडायची. आम्ही हसायचो. सरांचं नशीबच तसलं, असं म्हणायचो.

पण यंदा प्रकरण वेगळं होतं. फेब्रुवारीत एके दिवशी सर शिकवता शिकवता एकदम थांबले. पातळ भिंतीपलीकडून मला ते थांबणं ऐकू आलं. मी डोकावले तर सर खुर्चीवर बसलेले, हातात फोन, वर्ग चिडीचूप.

"काय झालं, सर?"

"वर्गात शिकवतानाचा फोटो पाठवा, असं आलंय," ते म्हणाले. "तो काढायला मी शिकवणं थांबवलं, बाई. दशरथमामांना घंटेपासून बोलावलं, फळ्यापुढे उभा राहिलो, हात वर केला. फोटो काढून झाला आणि मला आठवेना, मी काय शिकवत होतो."

त्या दिवशी लेझमी वाजल्या नाहीत. तेव्हाच मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सरांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. वाशीला त्यांच्या एका जुन्या मित्राचा मोठा क्लास आहे. एसी, काचेचा फळा, निम्म्या वेळात दुप्पट पगार, खिचडी नाही, लोकशाही नाही. दोह्याला राहणारी त्यांची मुलगी नसरीन तर दोन वर्षं मागे लागली होती की अब्बा, तब्येतीकडे बघा, सोडा ती शाळा. एप्रिलअखेर सर मोकळे होणार, असं ठरलं.

आणि त्यांचा चार्ज कोण घेणार? आमच्या मुख्याध्यापिका म्हात्रे मॅडम जवळच्याच गावच्या. माईकवर अगदी शुद्ध बोलतात, पण चिडल्या की गावची बोली वर येते. त्यांनी मीटिंगमध्ये सगळीकडे नजर फिरवली. सगळ्यांनी आपापल्या वह्या बघितल्या. माझी वही नेमकी घरी राहिली होती.

"वाघमारे बाई," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही घ्या."

झालं. लेझमी, डंबेल्स, घंटा, खिचडीची वही आणि मतदार यादी, सगळं माझ्या डोक्यावर. नावड्याहून येऊन-जाऊन माझे तीन तास जातात. मी तो चार्ज घेतला असता तर पुढच्या वर्षी लेझमी मोजायची पाळी माझ्यावर आली असती. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. भिंतीपलीकडून सरांचा आवाज येणार नाही, ही कल्पनाच मला सोसवत नव्हती. बारा वर्षं मी त्या आवाजाच्या शेजारी नोकरी केली आहे.

तरी कर्तव्य म्हणून मी यादी करायला बसले. वस्तू, संख्या, स्थिती, शिफारस, असे रकाने होते. "पृथ्वीचा गोल, एक नग" या ओळीला मी थांबले. तो गोल सरांच्या वर्गात टेबलावर असतो. दर वर्षी जूनमध्ये पाचवीचं नवं पोर त्याच्याजवळ आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, जुईनगर कुठंय?" सर त्याचं बोट धरून बरोबर तिथं टेकवतात आणि म्हणतात, "हे बघ, तुझ्या बोटाखाली. दिसत नाही, पण आहे." मग वर्गातलं एकेक पोर येतं, बोट टेकवतं. कुणाला परभणी दाखवायची असते, कुणाला कर्नाटकातलं आजोळ. अशानं त्या गोलावरचा भारत पार झिजून गेलाय. श्रीलंका आहे, ब्रह्मदेश आहे, मध्ये पांढरा पुठ्ठा.

मी विज्ञानाची बाई. मी सरळ लिहिलं, "स्थिती : भारत दिसत नाही. शिफारस : निर्लेखन." निर्लेखन म्हणजे आमच्या कागदी भाषेत भंगारात काढणं. सरांनी यादी वाचली. त्या ओळीवर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी यादी मिटून माझ्या हातात दिली.

आता मी जे केलं ते सांगते. चार्ज अपुरा तर सुटका नाही, हा नियम मला ठाऊक होता. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी जिन्याखालच्या खोलीत गेले, एक लेझीम उचलली आणि पिशवीत घातली.

चोरी करायची तर माणसानं लेझीम चोरू नये. जुईनगर ते नावडे या रस्त्यावर गतिरोधक किती आहेत ते मला त्या दिवशी कळलं. बस आदळली की छन्. वळली की छन्. मी पिशवी पोटाशी घट्ट धरली तर श्वास घेतला तरी छन्. शेजारच्या म्हाताऱ्या बाई हात जोडून म्हणाल्या, "भजनाला चाललाय वाटतं?" मी हो म्हटलं. "मग म्हणा ना एखादं," त्या म्हणाल्या. नाइलाजानं मी बुद्धवंदनेच्या दोन ओळी म्हटल्या. घरी पोचल्यावर लेझीम जुन्या साडीत गुंडाळून पलंगाखाली सरकवली. नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, शाळेचं काम आहे.

सोमवारी मी अगदी साळसूदपणे शाळेत गेले. शिपाई दशरथमामा दारातच तोंड पाडून उभे होते.

"काय झालं मामा?"

"परकार सर," मामा म्हणाले. "शनवारी एवढा मोठा कलिंगड घेऊन गेले शाळंतशी, पिशवीत झाकून. मी बोल्लो, सर, वाशीच्या मार्केटचा हाय काय? तं हसले नुसते. एक फोड पन नाय दिली मना."

उन्हाळ्याचे दिवस, वाशीचं फळांचं मार्केट जवळ, मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. सर कंजूष नाहीत, इतकंच मी मामांना सांगितलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मॅडमसमोर मोजणी झाली. सर यादी वाचत होते, मामा वस्तू दाखवत होते, मी खुणा करत होते. घंटा आहे. टोल आहे. वजनं सगळी आहेत. "पृथ्वीचा गोल, एक नग," सर वाचत म्हणाले. मामांनी टेबल बघितलं, कपाट बघितलं, कपाटाच्या वर बघितलं. गोल नव्हता.

"नाय हाय," मामा म्हणाले.

"अरेरे," सर म्हणाले, आणि यादी मिटायला लागले. "मॅडम, एक वस्तू कमी. चार्ज अपुरा. नियम म्हणजे..."

"थांबा, लेझमी राहिल्या," मॅडम म्हणाल्या.

मामांनी लेझमी मोजल्या. एकोणचाळीस. सरांचा चेहरा बदलला. त्यांनी स्वतः मोजल्या. एकोणचाळीस. पुन्हा मोजल्या. मग ते उभे राहिले आणि कळवळून ओरडले, "असं कसं? एकच कमी यायला पाहिजे होतं!"

मॅडम रागानं लाल झाल्या होत्या, त्यामुळे सरांचं वाक्य त्यांच्या कानात गेलंच नाही. त्यांची बोली वर आली होती. "कोन नेला गोल? कोन नेली लेझीम? शाला हाय का जत्रा?" असं त्या मामांना विचारत होत्या. मामा माझ्याकडे बघत होते. मी छताकडे बघत होते. कारण ते वाक्य मी बरोबर ऐकलं होतं. एकच कमी यायला पाहिजे होतं, हे सरांना आधीपासून माहीत कसं?

मला टोल आठवला. दोनशे ग्रॅमचं वजन आठवलं. प्राकृतिक नकाशा आठवला. आणि मग कलिंगड आठवलं.

रविवारी मी सरांच्या घरी गेले. स्टेशनजवळच्या जुन्या वसाहतीत तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. बारा वर्षांत मी तिथं दोनदाच गेले होते, एकदा ईदला आणि एकदा सरांच्या पत्नी सायराभाभी वारल्या तेव्हा. त्याला आता चार वर्षं झाली. सरांनी दार उघडलं, मला बघितलं आणि आत जेवणाच्या टेबलाकडे बघितलं. लपवायला वेळ नव्हता.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर गोल. शेजारी रंगांच्या छोट्या बाटल्या, एक बारीक ब्रश आणि पेल्यात पाणी. पाणी अगदी स्वच्छ होतं.

"हेच ते कलिंगड का?" मी विचारलं.

"बसा, बाई," सर म्हणाले. "चहा टाकतो."

चहा आला, खारी आली. सर गोलासमोर बसले.

"तुम्ही लिहिलंत ना, भारत दिसत नाही," ते म्हणाले. "म्हटलं, दिसायला लावू. एका रात्रीत रंगवून परत ठेवणार होतो. हे सगळं सामान विकत आणलं."

"मग?"

"रोज संध्याकाळी ब्रश घेऊन बसतो. हात होत नाही. हा रंग काय उन्हानं उडालेला नाही, बाई. बावीस वर्षं पोरांनी बोटं टेकवलीत. पहिल्या बॅचचं कुठलं, परवाच्या बॅचचं कुठलं, काही वेगळं काढता येत नाही. त्याच्यावर मी रंग मारू?"

भंगारात काढा, असं मीच लिहिलं होतं. मला माझ्या अक्षराची लाज वाटली.

"आणि टोल?" मी विचारलं. "वजन? नकाशा?"

सर ओशाळून हसले. "ते असेच. यादी पुरी झाली की समोरचा सही करतो. सही झाली की जावं लागतं. सोडायचंय हे खरंच असतं, बाई. राग खोटा नसतो. फक्त मोजायला बसलो की एकेक वस्तू हातात येते आणि मग..." त्यांनी खारीचा तुकडा चहात बुडवला, तो आत पडला, आणि ते त्याच्याकडे बघत राहिले. "वाशीच्या क्लासात जाऊन आलो मी. एक तास शिकवलं. पोरं हुशार, शिस्तीत बसतात. मी गोल काढला फळ्यावर. कोणी विचारलं नाही, सर, आपलं गाव कुठंय. एकानं विचारलं, हे परीक्षेत येणार का?"

"एसी होता ना पण?"

"होता. सर्दी झाली."

आम्ही दोघं हसलो. घरात फक्त आमचाच आवाज होता. मग सर पुढे जे बोलले ते अगदी सहज बोलले.

"सायरा होती तेव्हा मी घरी येऊन शाळेला शिव्या घालायचो. रोज. ती भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि शेवटी म्हणायची, मग सोडा की. मी म्हणायचो, बघतो. झालं, राग उतरायचा. आता घरी ऐकायला कोणी नाही, म्हणून शाळेतच घालतो. नसरीन म्हणते, अब्बा, सोडा. मी सोडतो हो. पण सोडल्यावर शिव्या घालायच्या कशाला आणि ऐकायच्या कुणी?"

मला रडू आलं, आणि मी ते चहाच्या कपात लपवलं. सरांच्या सगळ्या तक्रारी खऱ्या होत्या. माझ्याही त्याच होत्या. नळ मोजून, फोटो काढून मीही दमले होते, आणि बसमध्ये कितीदा मनातल्या मनात अर्ज लिहिला होता. पण माझ्याकडे ते ऐकणारं माणूस होतं. सरांकडे चाळीस लेझमी होत्या, आणि त्यांतली एक मी पळवली होती.

"सर," मी म्हटलं, "ती चाळिसावी लेझीम माझ्याकडे आहे."

सर माझ्याकडे बघतच राहिले. "तुमच्याकडे? कुठे?"

"नावड्याला. पलंगाखाली. मला चार्ज नको होता." मग थांबून म्हटलं, "आणि तुम्हीही जायला नको होतात."

"बसमधून नेलीत?"

"हो."

"वाजली नाही?"

मी गतिरोधकांचं सांगितलं. म्हाताऱ्या बाईंचं सांगितलं. वंदनेचं सांगितलं. सर हसायला लागले ते थांबेचनात. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं, ते ब्रशचं पाणी होतं, तेही ते प्यायले. "मी दोन रात्री झोपलो नाही," ते डोळे पुसत म्हणाले. "म्हटलं, शाळेत दुसरा चोर कोण?"

सरांनी अर्ज मागे घेतला. मॅडमनी तो कागद इतक्या घाईनं फाडला की मला वाटलं, त्या वाटच बघत होत्या. सरांनी त्यांना सांगितलं, "गोल मीच दुरुस्तीला घरी नेला होता, सांगायचं राहिलं." मी यादीतली माझी शिफारस खोडली आणि नवीन लिहिली, "स्थिती : वापरात." मॅडमनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. लेझमीबद्दल सरांनी गंभीरपणे सांगितलं, "शोध चालू आहे, मॅडम."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. गोल टेबलावर परत आला, भारताच्या जागी पांढरा पुठ्ठाच. पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून पाचवीच्या कुठल्याशा पोरीचा बारीक आवाज आला, "सर, जुईनगर कुठंय?" मी फळ्यावर लिहिता लिहिता थांबले आणि उत्तर ऐकून घेतलं.

मधल्या सुट्टीत मी सरांना गाठलं. मनातून मला त्या लेझमीची टोचणी होतीच. "सर, सोमवारी लेझीम आणून ठेवते," मी हळूच म्हटलं. "कोणाला कळणार नाही."

सरांनी मागेपुढे बघितलं. "नीट ठेवलीय ना? गंज नाही ना लागला?"

"नाही. साडीत गुंडाळलीय."

"मग राहू दे," ते म्हणाले. "घाई करू नका. गोल आता रोज वर्गात लागतो, बाई. मला तो सारखा घरी नेता येणार नाही."

एवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. अति तातडीचे. शाळेतले पंखे किती, त्यांतले फिरणारे किती, फोटोसह. सरांनी दोन्ही हात वर केले, "चार्ज घ्या हो कुणीतरी!" असं सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडले आणि ताडताड जिन्याखालच्या खोलीत शिरले. छन्, छन् सुरू झालं. मी दारात उभी राहून त्यांच्याबरोबर मोजत होते. एकोणचाळीसला आवाज थांबला. सर बाहेर आले, खिशातला खडू चाचपला आणि वर्गात गेले.